मुंबईच्या डबेवाल्यांची सेवा: धंद्यात गुंतलेल्या माणसाच्या दुपारच्या जेवणासाठी किती कामाची?

लोहार चाळीतला इलेक्ट्रिकचा दुकानदार असो की अंधेरी पूर्वेच्या गाळ्यात पाच माणसं हाताशी घेऊन पॅकेजिंगचं युनिट चालवणारी बाई, दुपारच्या जेवणाचं गणित दोघांचंही एकाच जागी चुकतं. काय खावं हे दोघांना चांगलं ठाऊक असतं. चुकते ती वेळ. साडेबाराला पार्टी येऊन बसते, एकला ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन, दोनला बँकेचं काम. तीन वाजता लक्षात येतं की सकाळपासून पोटात चार कटिंग आणि एक वडापाव एवढंच गेलंय. नोकरीतल्या माणसाला जेवणाची सुट्टी मिळते, कामगाराला भोंगा होतो. मालकाला 'ऊठ, जेवून घे' असं सांगणारं कुणीच नसतं.

म्हणून या परीक्षणात डबेवाल्यांच्या सेवेकडे एकाच बाजूने पाहिलं आहे: स्वतःच्या वेळेचा मालक असलेल्या माणसाला ती वेळेवर आणि नीट जेवायला लावते का? वक्तशीरपणाचं कौतुक पुष्कळ झालं आहे. २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने या सेवेवर केस स्टडी काढली, २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन डबेवाल्यांना भेटून गेले. ते सगळं खरं आहे, पण एका गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग काय, हे वेगळं पाहावं लागतं.

सेवा १८९० पासूनची, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली. डबे वाहणारी माणसं आजही मुख्यतः मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली. कामाची घडी साधारण अशी. सकाळी साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान डबा घरून उचलला जातो. जवळच्या स्टेशनवर डब्यांची पहिली वाटणी होते, लाकडी किंवा लोखंडी चौकटीत रचून ते लोकलच्या सामानाच्या डब्यातून निघतात. उतरण्याच्या स्टेशनवर पुन्हा वाटणी होते आणि साडेबारा ते एकच्या सुमारास डबा दुकानात किंवा ऑफिसात पोचतो. झाकणावर रंगाने काढलेली खूण हाच पत्ता. मधला ठळक आकडा उतरण्याच्या ठिकाणाचा. कडेची अक्षरं आणि आकडे कोणत्या माणसाने, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर न्यायचं ते सांगतात. डबा कुठून निघाला त्याचीही खूण असते. एकच डबा वाटेत तीन-चार हातांतून जातो, तरी झाकणावर ना नाव असतं ना फोन नंबर.

आता या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट. लोक डबा येण्याच्या वेळेचं कौतुक करतात. धंदेवाल्या माणसाच्या कामाची आहे ती डबा परत नेण्याची वेळ. एक वाजता डबा ठेवून गेलेला माणूस पाऊण ते एक तासात रिकामा डबा न्यायला येतो. तो थांबू शकत नाही, कारण त्याच्या मागे पुढची गाडी असते. म्हणजे तुमच्या जेवणाला एक पक्की हद्द पडते. डबा उघडून, जेवून बंद करायला चाळीस-पन्नास मिनिटं मिळतात आणि ही हद्द तुमच्या हातात नसते. फोनवरून मागवलेल्या जेवणात हे नाही. तिथे भूक लागून डोकं भणभणायला लागलं की मग मागवायचं, आणि भुकेल्या पोटी निवडलेला पदार्थ बहुतेक वेळा तळलेला किंवा मैद्याचाच असतो. इथे निवड आदल्या रात्री, पोट भरलेलं असताना झालेली असते.

दुसरा फायदा परतीच्याच प्रवासातला. संध्याकाळी डबा घरी पोचतो तेव्हा काय खाल्लं आणि काय टाकलं, ते झाकण काढताक्षणी दिसतं. कोशिंबिरीचा पुडा तसाच आला, उसळ अर्धी राहिली, पोळ्या मात्र संपल्या, असं आठवडाभर दिसलं तर डब्यात कुठे बदल करायचा ते घरच्यांना आपोआप कळतं. आहाराची वही कुणी महिनाभर लिहीत नाही. परत आलेला डबा ते काम रोज, न चुकता करतो.

याची किंमत सकाळी चुकवावी लागते. डबेवाला दारात आला की डबा तयारच हवा. त्याला त्याच तासात वीस-तीस घरं करायची असतात. एका घरी पाच मिनिटं गेली की गाडी चुकते आणि सगळ्यांचेच डबे उशिरा पोचतात. वरचेवर उशीर करणाऱ्या घराला तो सोडून देतो आणि ते बरोबरच आहे. साडेआठला डबा भरायचा तर ओट्याशी कुणाला तरी साडेसहा-पावणेसातला उभं राहावं लागतं. हे 'कुणीतरी' बहुतेक घरांत बाईच असते, आणि ती स्वतःही कामावर जाणारी असू शकते. मालकाच्या तब्येतीसाठी घरातल्या दुसऱ्या माणसाची झोप जाणार असेल तर ही सेवा घेण्याआधी काम वाटून घ्यायला हवं. भाजी निवडणं-चिरणं, कडधान्य भिजवणं, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवणं, दाण्याचं कूट करून ठेवणं ही रात्रीची अर्ध्या तासाची कामं ज्याने डबा खायचा त्याने उचलावीत. मग सकाळी फोडणी आणि पोळ्या एवढंच उरतं.

डब्यात काय असावं, हा सेवेचा भाग नाही. पण तिचा उपयोग होणार की नाही, ते इथेच ठरतं. नेहमीचा चार खणांचा उभा डबा धरू. बैठं काम करणाऱ्या, ६५ किलोच्या आसपास वजनाच्या माणसाला पुरेल असं माप असं: सुमारे ७० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या, ४० ग्रॅम कोरड्या मुगाची, मटकीची किंवा चवळीची उसळ, जी शिजून मोठी वाटीभर होते, दीडशे ग्रॅम फळभाजी किंवा पालेभाजी, शंभर ग्रॅम काकडी, गाजर, टोमॅटो किंवा मुळा, वाटीभर दही आणि १५ ग्रॅम दाण्याचं कूट. प्रथिनांचा हिशेब घातला तर उसळीतून नऊ, पोळ्यांतून सात-आठ, दह्यातून तीन आणि कुटातून साडेतीन-चार ग्रॅम, म्हणजे २३ ग्रॅमच्या आसपास मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅमची आहे, म्हणजे ६५ किलोला ५४ ग्रॅम. एका डब्यात त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा भागतो. मांसाहार चालत असेल तर उसळीच्या जागी दोन उकडलेली अंडी ठेवली तरी बारा-तेरा ग्रॅम मिळतात आणि ती सांडत नाहीत.

आपल्याकडच्या डब्याची खरी चूक म्हणजे बटाट्याची भाजी, चार पोळ्या आणि वर भात. पोट भरतं, पण साडेतीनला डोळे मिटायला लागतात आणि पाचला पुन्हा चहा-बिस्किटाची आठवण होते. पोळ्या चारावरून दोनावर आणल्या आणि उसळ रोजची केली, एवढ्या एका बदलाने दुपारची गुंगी बरीच कमी होते. रोजच्या उसळीचा कंटाळा येतो ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे पाच दिवसांत पाच रूपं: मटकी, मूग, छोले, पालेभाजीत घातलेली चणाडाळ आणि एक दिवस पिठलं. मूग-मटकी आठ तास भिजवून, निथळून, फडक्यात बारा ते सोळा तास बांधून ठेवली की मोड येतात. मोडाचं कडधान्य फ्रिजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं. म्हणजे आठवड्यातून दोनदा मोड आणले की झालं. तेल माणशी भाजीला एक आणि उसळीला एक छोटा चमचा पुरतं.

डबा बिघडतो तो बहुतेक वेळा भरण्याच्या पद्धतीमुळे. पोळ्या तव्यावरून थेट डब्यात गेल्या तर त्यांची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि एक वाजता तळची पोळी लगदा झालेली असते. पोळ्या तीन-चार मिनिटं जाळीवर किंवा फडक्यावर मोकळ्या ठेवाव्यात, घडी घालून मऊ सुती फडक्यात गुंडाळाव्यात आणि मगच खणात भराव्यात. भाकरी चार तासांत कडक होते, कारण थंड होताना पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. ती डब्यात न्यायचीच असेल तर पीठ उकळत्या पाण्यात उकडून घ्यावं आणि भाकरी जरा जाड थापावी. त्याहून सोपं म्हणजे भाजणीचं थालीपीठ, ते गार झालं तरी खाववतं. कोशिंबिरीला घरीच मीठ लावलं तर काकडी पाणी सोडते आणि ते पाणी खालच्या खणात उतरतं. म्हणून काकडी-टोमॅटो नुसतं चिरून भरावं, कूट त्यावर कोरडं पसरावं, आणि दही व मिठाची पुडी वेगळी द्यावी. जेवताना दहा सेकंदांत कालवलं जातं.

खणांचा क्रमही महत्त्वाचा आहे. गरम आणि जड असलेली उसळ सगळ्यात खाली, त्यावर भाजी, त्यावर पोळ्या आणि सगळ्यात वर कोशिंबीर. पोळ्यांचा थर मध्ये आला की खालची ऊब वरच्या काकडीपर्यंत जात नाही. रस्सा दाटच असावा. डबा हातगाडीवर, लोकलमध्ये, सायकलवर असा हिंदकळत जातो आणि पातळ आमटी कुठून तरी वाट काढतेच. नवीन डबा घेतलात तर खालच्या खणात पाणी भरून, झाकण लावून पाच मिनिटं मोरीत उलटा ठेवून पाहा. थेंब दिसला तर रबरी रिंग बदलून घ्या. ही रिंग गरम पाण्याने आणि तेलाने वर्षभरात सैल पडते. बहुतेक सांडलवंडीचं मूळ तिथेच सापडतं.

उन्हाळ्याबद्दल मात्र काळजीनेच लिहावं लागेल. साडेआठला भरलेला डबा एकला उघडतो, म्हणजे मध्ये साडेचार तास जातात. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधल्या तापमानात जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात, आणि साधा स्टीलचा डबा तासा-दीड तासात याच पट्ट्यात येतो. त्यामुळे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण, नारळाची चटणी, उकडलेल्या बटाट्याची ओलसर भाजी आणि वरण कालवलेला भात डब्यात देऊ नये. भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि कोमट भातात ते झपाट्याने वाढतात. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकून दुपारच्या डब्यात देणं तर पूर्ण बंदच करावं. कोकम, चिंच किंवा लिंबाची आंबट चव असलेली उसळ त्यातल्या त्यात टिकते. गरम राहणारा डबा वापरत असाल तर भरण्याआधी त्यात पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, मग ते ओतून अन्न कढत कढत आणि खण काठोकाठ भरा. अर्धा रिकामा खण फार लवकर निवतो. असा डबा आकाराने मोठा असतो, म्हणून तो चौकटीत बसतो का, ते डबेवाल्याला आधी दाखवून घ्या.

डबा आल्यावर तो टेबलाखाली सरकवून 'हे एवढं आटपतो' म्हणणं ही या सेवेच्या गिऱ्हाइकांची सगळ्यात मोठी चूक. माणूस पावणेदोनला डबा न्यायला येतो, मग दोन पोळ्या उभ्याउभ्या चार घासांत संपतात किंवा डबा भरलेलाच परत जातो. भराभर जेवलं की पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत जास्त खाल्लं जातं; शिवाय आम्लपित्त, ढेकर आणि छातीत जळजळ हे दुकानदारांचे नेहमीचे त्रास त्यातूनच वाढतात. जेवणाला वीस मिनिटं हवीत. गल्ल्यावर दुसरा माणूस असेल तर जेवणाच्या पाळ्या लावाव्यात. मालकाने एक ते एक वीस, हाताखालच्याने त्यानंतर, असं पक्कं करून टाकलं की गिऱ्हाइकांनाही सवय होते. एकट्याचं दुकान असेल तर वीस मिनिटं अर्धं शटर ओढणं हाच मार्ग. वेळ ठरलेली असली की नेहमीचे लोक ती सांभाळून घेतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या उद्योजकांसाठी ही वेळ पाळणं तब्येतीच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी घेतली आणि दुपारचं जेवण तीनपर्यंत लांबलं तर रक्तातली साखर खाली जाऊ शकते: घाम, हातांची थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. ताणामुळे होतंय असं समजून अशा वेळी माणूस चहा पिऊन काम रेटतो. डब्याची वेळ आणि गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून जुळवून घ्यावी आणि गल्ल्यात ग्लुकोजची पुडी ठेवावी.

चहाचा हिशेब इथेच करायला हवा. एका कटिंगमध्ये साखर सहज एक चमचा, म्हणजे चार-पाच ग्रॅम जाते. पार्टी आली की कटिंग, पार्टी गेली की कटिंग, असे दिवसाला आठ झाले की ३० ते ४० ग्रॅम साखर फक्त चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाच्या ऊर्जेच्या पाच टक्क्यांत, म्हणजे साधारण २५ ग्रॅममध्ये ठेवा असं सुचवते. शिवाय जेवणाच्या आधी किंवा नंतर तासाभरात चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळे कडधान्य-पालेभाजीतलं लोह कमी अंगी लागतं. डबा एकला खायचा तर बारा ते अडीच चहा नको. अडीचनंतर एक, पाचला एक, तोही कमी साखरेचा, एवढ्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिले चार-पाच दिवस डोकं दुखतं, म्हणून एकदम न तोडता दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करावा.

संध्याकाळी पाच ते आठ ही दुसरी कठीण वेळ, आणि तोवर डबा घराच्या वाटेला लागलेला असतो. यासाठी सकाळी डब्याच्या पिशवीतच एक छोटी डबी द्यावी: मूठभर म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे-शेंगदाणे आणि एक पेरू किंवा केळं. दुपारी डबा उघडताना ही डबी काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची, नाहीतर ती डब्याबरोबर घरी परत जाते. हे सुरू केलं की साडेसहाचा वडापाव बहुतेक दिवस टळतो.

सेवा कुठे कमी पडते, तेही स्पष्ट असावं. साइटवर फिरणारा कंत्राटदार, दिवसभर पार्ट्यांकडे जाणारा एजंट यांना ती उपयोगाची नाही. डबा ठरल्या पत्त्यावरच जातो. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की लोकल थांबते आणि डबा अडकतो. जुलै-ऑगस्टसाठी दुकानात भाजके चणे, राजगिऱ्याच्या वड्या, खजूर आणि सातूचं पीठ यांची सोय हवी. दोन मोठे चमचे सातू ताकात किंवा पाण्यात कालवून मीठ-जिरं घातलं की तेवढ्यापुरतं भागतं. चैत्रात गावच्या यात्रांसाठी डबेवाले काही दिवस सुट्टीवर जातात. तारखा आधी कळवतात, तेवढ्यापुरती सोय आपण करायची. रविवार आणि सणांच्या सुट्टीला डबा नसतो, आणि ज्यांचं दुकान रविवारी जोरात चालतं त्यांचा आठवडाभराचा शिस्तीचा आहार नेमका त्या दिवशी मोडतो.

घरी स्वयंपाक करणारं कुणी नसेल तर घरगुती खाणावळीतून डबा उचलून आणून देणारे डबेवालेही आहेत. त्यांची ने-आण तितकीच चोख, पण आतल्या जेवणाची जबाबदारी खाणावळीची. महिन्याचे पैसे भरण्याआधी आठवडाभर डबा घेऊन पाहा. भाजी संपल्यावर खणाच्या तळाला तेलाचं तळं दिसतं का, आठवड्यात कडधान्य किती वेळा येतं, बटाटा किती वेळा येतो, उन्हाळ्यात भात कसा देतात, हे चार मुद्दे पुरेसे आहेत. चार पोळ्यांऐवजी दोन पोळ्या आणि दुप्पट उसळ असं सांगितलं तर बहुतेक घरगुती खाणावळी ऐकतात. पैसे तेवढेच पडतील, पण तो सौदा तब्येतीला परवडणारा आहे.

दर अंतरावर आणि डब्याच्या आकारावर ठरतो, महिन्याला घेतला जातो, आणि दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून देण्याची जुनी रीत आहे. वर्षाचा खर्च तेरा महिन्यांचा धरावा. रोज बाहेर खाण्याच्या मानाने तो कमीच भरतो. सुरुवात करायची तर सकाळी दहाच्या आसपास आपल्या स्टेशनबाहेर जिथे डब्यांची वाटणी चालते तिथे जा, पांढऱ्या टोपीतल्या कुणालाही मुकादम कोण ते विचारा. त्यांना घरचा पत्ता, दुकानाची इमारत, मजला आणि डबा परत कधी न्यावा, एवढं सांगा. शेवटच्या गोष्टीचा आग्रह धरा. दोन वाजेपर्यंत डबा दुकानात राहू द्या, असं म्हणण्याचा मोह होईल. तुमच्या भागातली नेहमीची वेळ पावणेदोनची असेल तर तीच घ्या.